आमच्या पद्मिनीचा जीर्णोद्धार

मोटार विकत घेतो तेव्हा ती एक वस्तू असते. चाळीस वर्षं झाली की तिची समिती होते. निरनिराळ्या घराण्यांतून आलेले, एकमेकांशी फारसं न पटणारे सभासद एका छपराखाली बसतात आणि सभेचं कामकाज कसंबसं पुढे ढकलतात. आमच्या १९८२ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या समितीत आज घटकेला दोन डोळे बुलेट मोटारसायकलच्या खानदानातले आहेत. अल्टरनेटर मारुती ८०० च्या घरातून दत्तक आलेला आहे. चोकची तार स्कूटरची आहे. टायर ज्या गाडीसाठी बनले ती गाडी पद्मिनी बंद पडली तेव्हा जन्मालाही आली नव्हती. हॉर्न कुणाचा आहे ते न विचारलेलं बरं. तो वाजला की रस्त्यातली माणसं ट्रक आला म्हणून बाजूला होतात आणि मग आमच्याकडे रागाने बघतात. मूळ सभासद म्हणाल तर तीनच उरले आहेत: छप्पर, चॅसी नंबर आणि गाडीविषयी आमच्या सौभाग्यवतींचं मत.

हे मत बदलण्यासारखं नाही, कारण गाडी सासऱ्यांची. सासरे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फोरमन होते. त्या काळी गाडी 'घ्यायची' नसे, तिचा 'नंबर लावायचा' असे. पैसे भरायचे, पावती देवघरातल्या डब्यात ठेवायची आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायची. मुलीच्या लग्नाचा योग आधी येतो की गाडीचा नंबर, यावर त्या घरात पैज लागली होती म्हणतात. नंबर आधी आला. त्यामुळे आमच्या घरात गाडीचा मान मोठा आणि माझा धाकटा. गाडीला नाव ठेवणं म्हणजे सासऱ्यांना नाव ठेवणं, आणि गाडी भंगारात द्यायची भाषा काढणं म्हणजे काय, ते विवाहित वाचकांना सांगायला नको.

तेव्हा बंद झालेल्या गाडीचे भाग आणायचे कुठून, हा प्रश्न माझ्या वाट्याला आला तो असा, सासरवाडीकडून. या प्रश्नाचं उत्तर एका माणसाला माहीत होतं: आमचे मिस्त्री. त्यांच्याकडे एक वही होती. कुठल्या गाडीचा कुठला भाग पद्मिनीला बसतो, किती घासावा लागतो, कुठे वॉशर घालावा लागतो, हे सगळं तीस वर्षांच्या अनुभवाने तीत उतरवलेलं होतं. २६ जुलै २००५ ला वालधुनी नदी गॅरेजमध्ये शिरली आणि ती वही घेऊन गेली. पाना-पेचकस चिखलातून परत मिळाले, वही नाही. आता ते ज्ञान फक्त मिस्त्रींच्या डोक्यात आहे आणि मिस्त्री सत्तरीच्या पुढे आहेत. म्हणून गेली काही वर्षं दर रविवारी मी गॅरेजमध्ये स्टुलावर बसतो, ते बोलतात आणि मी नवी वही लिहितो. पुराणं अशीच लिहिली गेली असावीत. फरक एवढाच की व्यासांना मधूनमधून "तो दहाचा पाना द्या जरा" असं ऐकावं लागत नसे.

आता थोडा इतिहास. घाबरू नका, सनावळ्या फार नाहीत.

सोलापुरात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद हे एक अजब गृहस्थ. जे जे इंग्रजांना हिंदुस्थानात होऊ द्यायचं नव्हतं, ते ते त्यांना करायचं होतं. १९१९ साली सिंधिया कंपनी काढून त्यांनी आगबोटी सुरू केल्या. १९४० साली बंगलोरला विमानाचा कारखाना काढला. मोटार तेवढी राहिली होती. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकन क्रायस्लर घराण्यातल्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. पुढे शेठजींच्या कंपनीने इटलीच्या फियाटशी सोयरीक केली. १९५४ च्या सुमाराला फियाट ११०० आली. तिचा तोंडवळा असा गोलमटोल की मराठी माणसाने तिचं 'डुक्कर फियाट' असं नामकरण केलं. इटालियन लोकांनी सौंदर्यावर एवढा खर्च करावा आणि आपण एका शब्दात निकाल लावावा! १९६४ साली तिच्या जागी चौकोनी अंगाची ११०० डी आली. पुढे ती 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ साली 'पद्मिनी'. राष्ट्राध्यक्षाची राणी झाली, पण इंजिन तेच: १०८९ सी.सी., चार सिलिंडर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली.

गंमत आहे ती पुढेच. इटलीत ही ११०० डी १९६६ सालीच बंद झाली. म्हणजे जन्मदात्यांनी तिचं सगळं उरकून टाकलं आणि कुर्ल्यात मात्र ती त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं रोज सकाळी नव्याने जन्माला येत राहिली. आमच्या सासऱ्यांचा नंबर लागला तेव्हा मूळ गावी ती सोळा वर्षांची स्वर्गवासी होती. मग इतकी वर्षं भाग आले कुठून? तर इथूनच. परकीय चलन नाही, आयातीला परवाना नाही, तेव्हा दरवर्षी चार इटालियन भाग काढायचे आणि त्या जागी चार देशी भाग घालायचे, हेच सरकारी धोरण होतं. कार्ब्युरेटर मद्रासचा, बेअरिंग चिंचवडचं, रबर कुठलं, काच कुठली. ज्याला आपण 'ओरिजिनल' म्हणतो तोच मुळी पर्यायी भाग होता, फक्त कंपनीच्या डब्यातून आलेला. हे मी मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, म्हणूनच मी डबा बघत नाही, माल बघतो."

सगळ्यांचीच गाडी अशी तरली नाही. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता. मुंबईतल्या कितीतरी शेवरोलेट तिथे जोडल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं, नुसत्या जोडणार असाल तर नको, इथे बनवणार असाल तर राहा. कंपनीने १९५४ साली गाशा गुंडाळला. फोर्डही गेली. मागे राहिल्या त्या गाड्या आणि त्यांचे मालक. तेव्हा मुंबईच्या गॅरेजवाल्यांनी त्या लांबलचक अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिनं घालून त्यांना पुढे कित्येक वर्षं टॅक्सी म्हणून पळवलं. क्युबात हेच घडलं. १९६० नंतर अमेरिकेने व्यापार तोडला आणि हवानातल्या शेवरोलेट अनाथ झाल्या. त्यांच्या पोटात मग रशियन व्होल्गाची इंजिनं गेली. ती छायाचित्रं बघून आपल्याकडचे लोक 'अहाहा' म्हणतात. हीच कला कुर्ल्यातला मिस्त्री करतो तेव्हा त्याला 'खटपट' म्हणतात.

भंगाराला आसरा नेहमी टॅक्सीवालेच देतात, ही एक गोष्ट मला वही लिहिताना कळली. हौशी मालकांच्या प्रेमावर सुटे भाग बनत नाहीत. आमच्यासारखा माणूस तीन वर्षांतून एकदा एक वॉटर पंप घेणार, त्यातही घासाघीस करणार. त्याच्यासाठी कोण साचा सांभाळून ठेवील? मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या पद्मिनी हजारोंनी धावत होत्या, रोज झिजत होत्या, म्हणून कुर्ल्याच्या नि खेतवाडीच्या दुकानांत माल होता. गाडी बंद झाली २००० च्या सुमाराला, पण भाग बंद झाले नाहीत, कारण टॅक्सी चालू होती. मग मुंबईत टॅक्सीचं वय वीस वर्षांवर बांधलं गेलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली होती ऑक्टोबर २००३ मध्ये. ऑक्टोबर २०२३ संपता संपता तिची मुदत भरली. वर्तमानपत्रांत गहिवरून लेख आले, लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढले. मिस्त्रींनी त्या दिवशी पेपर खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "आता टाय रॉड एंड संपले."

पण आमच्या भागाला एक नैसर्गिक देणगी आहे. कल्याण सोडलं की विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर, मग अंबरनाथ, मग बदलापूर. या पट्ट्यात बंद पडलेली वस्तू पुन्हा चालू होत नाही असं सहसा घडत नाही.

उल्हासनगरविषयी जो विनोद सगळ्यांना माहीत आहे तो मी इथे सांगणार नाही. (यू.एस.ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. सांगितलाच, जाऊ द्या.) पण विनोद करणाऱ्यांनी एकदा त्या गावाचा जन्म आठवावा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या पडल्या. फाळणी झाली आणि सिंध सोडून आलेली माणसं त्या बराकींत उतरली. एका बराकीत मधे पडदे लावून कुटुंबंच्या कुटुंबं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी 'कल्याण कँप'चं उल्हासनगर असं नामकरण केलं, तरी कँप एक, कँप दोन, कँप पाच हे आकडे आजही पत्त्यात आहेत. ज्यांचं गाव, घर, दुकान, पेढी असं सगळंच एका वर्षात 'बंद' झालं होतं, त्यांनी सैनिकांच्या झोपायच्या जागेतून पर्यायी गाव बनवलं. त्यांना एका गाडीचा वायपर बनवून मागणं म्हणजे काय मोठंसं?

तिथल्या दुकानात जायचा पहिला नियम म्हणजे 'नमुना' घेऊन जायचं. तोंडी वर्णन चालत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा साहित्यिक भाषेत वर्णन सुरू केलं होतं: साधारण असा गोलसर, मधे भोक, एका बाजूने किंचित निमुळता...

गल्ल्यावरचे शेठ शांतपणे म्हणाले, "साईं, कविता नंतर. नमुना आणलाय?"

खिशातून तुटका भाग काढून दिला. शेठनी तो तळहातावर वजन केल्यासारखा उडवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि आतल्या पोराला एका तीनचाकी टेंपोचं नाव सांगितलं. पोराने आणलेला भाग आमच्यापेक्षा दोन सूत लांब होता.

"लांब आहे हो," मी म्हटलं.

"लांब आहे म्हणजे कापता येतो. आखूड असता तर वाढवला असता काय?"

हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

शोधाची सगळी विद्या शेवटी मोजमापात आहे. बेअरिंगचंच बघा. पद्मिनीचं बेअरिंग असं जगात काही नसतंच, असतो तो नंबर. समजा बेअरिंगवर ६२०४ लिहिलंय. शेवटचे दोन आकडे पाचाने गुणायचे: चार पंचे वीस. आतलं भोक वीस मिलिमीटर. बाहेरचा व्यास सत्तेचाळीस, जाडी चौदा. स्वीडनमध्ये बनलेलं असो, चिंचवडला बनलेलं असो, नाहीतर चीनमध्ये, ६२०४ म्हणजे वीस-सत्तेचाळीस-चौदा. हेच बेअरिंग कपडे धुण्याच्या यंत्रात असतं, पाण्याच्या पंपाच्या मोटारीत असतं. जगभरच्या कारखानदारांनी एकमेकांशी भांडता भांडता एवढी एक गोष्ट मात्र संगनमताने ठरवून टाकली, त्याबद्दल जुन्या गाडीच्या मालकांनी त्यांचे आभार मानले पाहिजेत. मिस्त्री मोटारीच्या दुकानात बेअरिंग घ्यायला कधीच जात नाहीत. "तिथे गाडीचं नाव सांगितलं की भाव वाढतो. पंपवाल्याकडे जायचं, नंबर सांगायचा, नाव सांगायचं नाही." ऑइल सीलचंही तेच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. नाव नाही, गाव नाही. पुढच्या दिव्यांचं तर बोलायलाच नको; सात इंची गोल दिवा जीपला तोच, बुलेटला तोच, आमच्या राणीलाही तोच.

गॅस्केट तर विकत आणायचीच नाही. जाड शीट आणायचा, तो थेट त्या धातूच्या भागावर ठेवायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके टोले देत जायचं. धातूची धार खालून शीट कापते आणि भोकांसकट हुबेहूब गॅस्केट हातात येते. मिस्त्री हे काम करतात तेव्हा गॅरेजमध्ये कुणी बोलत नाही. तबल्याची साथ ऐकावी तसं ऐकत बसायचं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळ्यालाच काहीतरी बसतं तर! नाही. इथे कथा थोडी गंभीर होते.

२०२२ साली गाडीची नोंदणी संपत आली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी आर.टी.ओ.ला दाखवून नोंदणी पुढे वाढवून घ्यावी लागते. नाही घेतली तर गाडी म्हणजे अंगणातला पत्रा. त्याच सुमाराला ब्रेकमधून तेल झिरपू लागलं. चाकाच्या सिलिंडरमधली वाटीसारखी रबरं गेली होती. मापाची रबरं मी तीन दुकानांतून आणली. तिन्ही सिलिंडरमध्ये अशी बसली की जणू त्याच आईची लेकरं. मी खूश. मिस्त्रींनी ती काढून माझ्या हातात परत दिली.

"ही ब्रेक ऑइलची आहेत कशावरून?"

"माप बरोबर आहे की."

"माप चपलेचंही बरोबर असतं साहेब, म्हणून ती डोक्यावर घालत नाहीत."

मग त्यांनी जे समजावलं ते वहीची चार पानं खाऊन बसलं आहे. ब्रेक ऑइल हे नावाचंच ऑइल. ते ग्लायकॉलच्या जातीचं. इंजिन ऑइल खनिज तेलाच्या जातीचं. जे रबर इंजिन ऑइलमध्ये वर्षानुवर्षं सुखाने नांदतं ते ब्रेक ऑइलमध्ये फुगतं, मऊ पडतं. आणि ब्रेकचं रबर खनिज तेलात तसंच फुगतं. दिसायला दोन्ही काळीच. फुगलेलं रबर सिलिंडरमध्ये अडकलं की ब्रेक दाबल्यावर सुटत नाही, नाहीतर सुटल्यावर लागत नाही. "हेडलाइट चुकला तर अंधार पडतो," मिस्त्री म्हणाले. "ब्रेक चुकला तर नंतर काहीच पडत नाही."

परीक्षा साधी. तीन दुकानांची तीन रबरं तीन दिवस ब्रेक ऑइलमध्ये ठेवायची, आधी मोजायची, नंतर मोजायची. भांडं म्हणून स्वयंपाकघरातली स्टीलची एक वाटी घेतली. (हे तेल विषारी, वाटीवर लाल नेलपॉलिशने फुली मारून ती संसारातून कायमची बाद करण्यात आली. आमच्या घराने गाडीसाठी केलेल्या त्यागांत तिचं नाव पहिलं.) तीन दिवस ती वाटी खिडकीत उंचावर. सौभाग्यवती येता-जाता तिच्याकडे बघत. सासरे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती; पण याच गाडीत, एम.आय.डी.सी.च्या मोकळ्या रस्त्यावर, त्यांनी आपल्या मुलीला गाडी शिकवली होती, "क्लच हळू, घाई नको" म्हणत. ती अजून क्लच तसाच सोडते. गाडी पत्रा होणार की नाही, हे त्या वाटीवर अवलंबून होतं, आणि त्या तीन दिवसांत तिने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. ती गप्प असते तेव्हा मी घाबरतो.

चौथ्या दिवशी व्हर्नियर लावला. दोन रबरं फुगली होती. तिसरं जसंच्या तसं. ते मुंबईतल्या एका जुन्या दुकानातलं, टॅक्सीवाल्यांना माल पुरवणाऱ्यांचं. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या लोकलने गेलो आणि पूर्ण दोन संच घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "दोन कशाला? एक घ्या, बाकीच्यांनाही राहू द्या." मी दोन घेतले. आर.टी.ओ.त तपासनीस साहेबांनी गाडी पळवली, ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी उभी राहिली. साहेबांनी मग तो चॅसी नंबर कागदाशी ताडून बघितला, एकेक आकडा बोट लावून.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की राजा मिलिंदाला भदंत नागसेनांनी जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर आर.टी.ओ.ने कधीच देऊन ठेवलं आहे. रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत गेला. त्या काळी चॅसी नंबर नव्हता, एवढंच. इंजिन बदला, त्याची नोंद करून मिळते. रंग बदला, त्याचीही. नंबर खोडलात तर मात्र गाडी तुमची नाही.

आमच्या गावातही जीर्णोद्धाराचा एक थोर प्रश्न वालधुनीच्या काठी उभा आहे. शिलाहारांचं शिवमंदिर, शिलालेखातला शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. शिखराचा वरचा भाग पडलेला, गाभारा आकाशाला उघडा. मिस्त्री एकदा माझ्याबरोबर आले होते. बराच वेळ वर बघत उभे राहिले. "नमुना खाली शिल्लक आहे," ते म्हणाले, "बाजूला लहान लहान शिखरं आहेत ना, तीच मोठी करायची." पुरातत्त्व खात्याने त्यांना विचारलेलं नाही, हे एका अर्थी बरंच.

अनाथ गाड्यांत पद्मिनी तरी नशीबवान. आमच्या शेजारी, कल्याणच्या कारखान्यात, १९९० नंतरच्या दशकात प्रीमियर आणि फ्रान्सची पूजो यांनी मिळून '३०९' नावाची गाडी काढली. देखणी, आरामशीर. तीनेक वर्षांत भागीदारी मोडली, फ्रेंच घरी गेले आणि हौसेने गाडी घेतलेले लोक नव्या कोऱ्या गाडीचे भाग शोधत फिरू लागले. त्यांतल्या डिझेलवाल्यांना देव पावला तो विचित्र वाटेने: तेच फ्रेंच डिझेल इंजिन पुढे मारुतीने झेन आणि एस्टीममध्ये घातलं. म्हणजे पूजोचा फिल्टर मारुतीच्या दुकानात! आपली हरवलेली मुलगी शेजारच्या आळीत सून होऊन नांदताना सापडावी, तसं. पेट्रोलवाल्यांना अशी सोय नव्हती. मिस्त्रींच्या वहीत ३०९ ला दीड पान आहे आणि त्यातलं निम्मं शिव्यांनी भरलेलं.

सध्या नवीन संकट पंपावरून येतं. २०२५ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाडीच्या नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधली रबरं यांना ते मानवत नाही. इथेनॉल काही अंशी उसाचं. शेठ वालचंदांनी वालचंदनगरला ऊस लावला, साखर कारखाना काढला. आणि कुर्ल्याला मोटार काढली. आता ऊस मोटारीला खातो आहे. घरातल्याच दोन भावांत तंटा लागला की त्रयस्थाने काय बोलावं? मिस्त्रींनी नळ्या बदलून नव्या जातीच्या घातल्या, पंपाच्या पडद्याचं बघतो म्हणाले.

मागच्या पावसाळ्यात गिअरचा दांडा खुळखुळायला लागला. दुसरा टाकावा तर पहिला पडे, तिसरा शोधावा तर काहीच सापडत नसे. दांड्याच्या जोडणीतला एक बुश झिजला होता. अंगठीएवढा भाग. कुर्ल्यात नाही, उल्हासनगरात नाही, पुण्याच्या नाना पेठेतही नाही. मिस्त्री मला मोरिवलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथे एक निवृत्त टर्नर स्वतःचं लेथ टाकून बसतात. वय पंचाहत्तर, जुन्या कारखान्यात उभं आयुष्य गेलेलं. त्यांनी झिजलेला बुश बघितला, मग झिजलेला दांडा बघितला.

"बुश मूळ मापाचा केला तर ढिला होईल," ते म्हणाले. "दांडाही झिजलाय ना. त्याच्या आजच्या मापाचा करू. तीन थाऊ कमी."

"म्हणजे कंपनीच्या नकाशाप्रमाणे नाही?"

"नकाशा नव्या गाडीचा असतो. ही आता नवी कुठाय?"

गनमेटलचा तुकडा लेथवर चढला. पिवळा भुसा उडत राहिला. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "गाडी कुणाची?" मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. त्यांनी लेथ बंद केलं. "फोरमनसाहेबांची? पांढरी? दर खंडेनवमीला गेटपाशी हार घालून उभी असायची ती?" मग कितीतरी वेळ काही न बोलता त्यांनी पुन्हा लेथ चालू केलं.

एक बुश सांगितला होता, त्यांनी चार केले. पैसे एकाचेच घेतले. बाकी तीन कागदाच्या पुडीत बांधून, पुडीवर पेन्सिलीने माप लिहून दिलं. "मूळ मापाचे आहेत. कुणीतरी येईल शोधत."

दिवाळीत बदलापूरचे एक गृहस्थ मिस्त्रींकडे आले, १९७८ सालची पद्मिनी घेऊन. दुसरा टाकला की पहिला पडत होता. मिस्त्रींनी मला फोन केला आणि मी पुडी घेऊन गेलो. आता दोन उरले आहेत. वहीत त्याची नोंद आहे: पान ४१, खालून तिसरी ओळ.